फिक्या निळ्यातल्या चिगुसाबाई

१

मिनोवाच्या ट्रामथांब्यामागे, भाजीवाला आणि तांदळाच्या कुरकुरीत वड्या भाजणारा यांच्या मधोमध, तोमोए नागासेचा छापखाना होता. छापखाना म्हणजे यंत्राबिंत्रांचा नव्हे. चेरीच्या लाकडाच्या कोरलेल्या फळ्या, रंगांचे वाडगे, घोड्याच्या केसांचे ब्रश आणि बांबूच्या सालीत गुंडाळलेली एक गोल घासणी. एवढ्या सामानावर तिच्या वडिलांनी पन्नास वर्षं काढली होती, आणि आता चोपन्न वर्षांची तोमोए तेच करत होती.

सकाळी सातला ती ओलसर करून ठेवलेल्या कागदांची चळत उघडायची, बोटांच्या उलट्या बाजूनं ओल तपासायची आणि मांडी घालून बसायची. मग फळीवर रंग, रंगावर कागद, कागदावर घासणी. रस्, रस्, रस्. एका चित्राला आठ फळ्या, म्हणजे एकच कागद आठ वेळा. दिवसभर कुणाशी बोलायचं काम नाही. तिला ते बरंच वाटायचं, कारण तोमोएला आयुष्यात दोनच गोष्टी जमल्या नव्हत्या: स्वयंपाक, आणि समोरच्याला न रुचणारं बोलणं.

त्या शरदात तिच्याकडे शिओमी चिगुसांचं काम आलं. ज्यांची गाणी ऐकत अर्ध्या देशानं आपापली रडणी उरकून घेतली, त्या चिगुसाबाईंच्या गाण्याला साठ वर्षं होत होती. सहा डिसेंबरला मोठा कार्यक्रम, आणि त्यानिमित्त एक चित्र. प्रती फक्त शंभर. प्रत्येकीवर बाईंच्या हातची सही, आणि शंभर झाल्या की फळ्यांवर आडवा चरा मारून त्या बाद करायच्या. चित्रात बाई समुद्राकडे पाठ करून उभ्या होत्या, डोळे मिटलेले, तोंड गाण्यासाठी नुकतंच उघडलेलं.

चित्रकारानं किमोनो गडद निळा ठेवला होता. तोमोएनं तो छापून पाहिला आणि तिचं मन खट्टू झालं. त्या गडद रंगापुढे चेहरा विझून जात होता. वैतागून तिनं ब्रश धुवायला घेतला, आणि वाडग्याच्या तळाशी उरलेला हिरवट फिका निळा सहज एका रद्दी कागदावर उठवून बघितला. बाईंचा चेहरा उजळून वर आला. तिनं तो नमुना प्रकाशकांकडे पाठवला. दहा मिनिटांत फोन आला, “फारच छान, हाच ठेवा.”

तोमोए दिवसभर स्वतःवर खूश होती. पुढे तिला सगळ्यात जास्त लाज वाटली ती याच खुशीची.

२

एक नोव्हेंबरला चिगुसाबाई पहिल्या पन्नास प्रतींवर सही करायला स्वतः आल्या. वय अठ्ठ्याहत्तर, हातात काठी, दुसऱ्या हातात संत्र्यांची पिशवी. मदतनिसाला त्यांनी गाडीतच बसवलं होतं.

“तू तोमोए ना? घे, गोड आहेत. आंबट निघाली तर मला सांगू नकोस, मला वाईट वाटतं.” असं म्हणत त्या टेबलाशी बसल्या आणि चित्र समोर आल्यावर खो खो हसल्या. “अगं बाई! ही मी? वयाच्या विसाव्या वर्षीही मी इतकी देखणी नव्हते. डोळ्यांखालच्या पिशव्या कुठं ठेवल्यास?”

“गिनआजोबांनी कोरल्याच नाहीत, सेन्सेई,” तोमोए म्हणाली. मोठ्या कलावंताला आदरानं असंच म्हणायचं. “फळ्या त्यांच्या हातच्या आहेत.”

“किती वय त्यांचं?”

“शहाऐंशी.”

“नमस्कार सांग माझा. आणि लग्नाचं बघताहेत का, तेही विचार.” मग त्यांनी चित्र जवळ घेतलं. आवाज खाली आला. “हा निळा मात्र आमच्या रुमोईचा. पहाटे बोटी निघताना समुद्र असाच दिसायचा. तुला गं कसा ठाऊक?”

तोमोएनं लाजून मान खाली घातली. ती एकेक कागद पुढे सरकवत होती, बाई पेन्सिलीनं समासात आकडा आणि नाव लिहीत होत्या. तिसरा कागद उचलताना तिला नावाखाली बारीक अक्षरात तारीख दिसली. अकरावा महिना, चोवीस.

आज एक तारीख होती. तोमोए घुटमळली. पण एवढ्या मोठ्या बाईंना, पाहुण्या म्हणून घरी आलेल्या, संत्री आणलेल्या, ‘तुमची तारीख चुकली’ असं कुठल्या तोंडानं सांगायचं? असेल काही त्यांच्या मनात. वाढदिवस असेल, आईचं श्राद्ध असेल. तिनं चौथा कागद पुढे सरकवला, मग पाचवा, असे पन्नासच्या पन्नास. सगळ्यांवर तीच तारीख. भीड भिकेची बहीण म्हणतात ते खोटं नाही, फक्त इथे भीक मागायची वेळ कुणावर येणार, हे तिला त्या दिवशी कळलं नाही.

३

दहाएक दिवसांनी गिनआजोबा उकडलेल्या चेस्टनटांचा डबा घेऊन आले. फळ्या कोरून दिल्यावर छापलेलं चित्र बघायला यायचं, ही त्यांची जुनी रीत. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकलेला, त्यामुळे त्यांनी कागद नाकाला लावला. बराच वेळ लावून ठेवला.

“किमोनोला हा रंग कुणी सांगितला?”

“मीच घातला, आजोबा. चेहरा खुलतो ना?”

“खुलणारच. त्यासाठीच असायचा तो.” त्यांनी कागद खाली ठेवला. “तुझ्या बापानं तुला काही शिकवलंच नाही वाटतं. अगं, पूर्वी नावाजलेला नट मेला की दोन दिवसांत त्याचं चित्र निघायचं. गल्लोगल्ली खपायचं. अंगावर हाच फिका निळा, आणि बाजूला तो गेल्याची तारीख. जित्या माणसाला हा रंग घालत नाहीत, पोरी.”

तोमोएच्या हातातला चेस्टनट तिथेच राहिला. “आजोबा, नावाखाली तारीख दिसते का तुम्हाला?”

“मला माझी स्वतःची रेघ दिसत नाही, पेन्सिल कुठली दिसायला?” मग तिचा चेहरा बघून तेच वरमले. “सोड. आता कुणाला आठवतंय हे? नव्या लोकांना निळा म्हणजे निळा. पण ऐकशील तर वरून गडद निळा चढव. माझ्या जिवाला बरं वाटेल.”

ते गेल्यावर तिनं लगेच पाच प्रतींवर गडद निळा चढवला. दाट, दोनदा. काम सुबक झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी फळकुटांखालून काढल्या तर पाचही फिक्या निळ्या. तोमोएनं स्वतःशी हिशेब लावला. खळ कमी पडली, कागद ओला राहिला, कागदानं रंग पिऊन टाकला. तीस वर्षांत असं एकदाही झालं नव्हतं, पण होत नाही असं थोडंच आहे.

मग तिनं एका प्रतीवरची तारीख खोडरबरानं पुसली. स्वच्छ निघाली. संध्याकाळी बघितलं तर होती. पेन्सिलीनं कागदाला चरा पडतो, चऱ्यात शिसं राहतं, उजेड बदलला की दिसतं. तिनं हेही स्वतःला पटवलं. माणूस स्वतःला पटवायला बसला की वकील लागत नाही.

पण वरच्या खोलीतल्या आवाजाचं तिला काही पटवता येईना. प्रती तिथे फळकुटांमध्ये दाबून ठेवल्या होत्या. कागद वाळताना आवाज करतो, हे तिला जन्मापासून माहीत. तो चुरचुरतो, कधी टक्कन वाजतो. हा आवाज तसा नव्हता. गाणारं माणूस पहिली ओळ उचलण्याआधी छाती भरून श्वास घेतं, तो आवाज. भर दुपारी, बाहेर ट्रामची घंटा वाजत असताना तो यायचा. आणि पुढे ओळ यायची नाही. घासणी हातात धरून तोमोए वर कान लावून बसायची. श्वास घेतलाय, आता सोडला पाहिजे, असं तिला वाटत राहायचं. मग बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा घेतलेला ऐकू यायचा.

४

वीस नोव्हेंबरला बाई उरलेल्या पन्नासांसाठी आल्या. तोमोएनं या वेळी मनाशी ठरवलं होतं, आज बोलायचंच.

बाई खुशीत होत्या. कार्यक्रमाचा सराव जोरात होता, गळा साथ देत होता. “डॉक्टर म्हणतो हृदय म्हातारं झालंय. मी म्हटलं, गाणी सगळी त्याचीच गायले, थकणारच बिचारं.”

तोमोएनं पहिला कागद पुढे केला आणि पेन्सिलीच्या टोकावर नजर रोवली. आकडा. नाव. पेन्सिल वर उचलली गेली. समास खाली मोकळा होता, तिनं नीट बघितलं. बाईंनी कागद तिच्याकडे सरकवला, तिनं तो हातात घेतला, आणि नावाखाली तारीख होती. बाईंच्याच वळणाची, चोवीसमधला चार पहिल्या पन्नासांवरच्यासारखाच शेपूट काढलेला.

“सेन्सेई,” ती म्हणाली, “तुम्ही सहीखाली तारीख घालता का?”

“छे गं. तारखा माझ्या लक्षातच राहत नाहीत. नाव आणि आकडा, बस. का? घालायची असते का?”

“नाही, नाही. सहज विचारलं.”

इथेच सांगायचं होतं. तोंडाशी आलं होतं. पण ‘हे बघा, इथे लिहिलंय’ म्हणून दाखवायचं, तर पुढचं वाक्य काय होतं? ज्या माणसानं आयुष्यभर तुम्हाला गाणी दिली त्याचे चार दिवस उरले, हे त्यालाच चहा ओतता ओतता कसं सांगतात, हे तोमोएला कुणी शिकवलं नव्हतं. तिनं चहा ओतला.

चाळीसाव्या कागदानंतर बाईंनी बोटं मोडली आणि गप्पांवर आल्या. दूर उत्तरेकडे, रुमोईला त्यांची थोरली बहीण होती, मासुए. एकतीस वर्षं दोघी बोलत नव्हत्या. आई गेली त्या दिवशी बाई ओसाकाला मंचावर होत्या, गाणं टाकून गेल्या नाहीत. ताईनं निरोप पाठवला, ‘आता येऊच नकोस.’ तोही त्यांनी पाळला.

“आणि परवा तिच्याकडून पार्सल आलं बघ. सुकवलेली हेरिंग. चिठ्ठी नाही, काही नाही, नुसती मासळी. आमच्या ताईला माफी मागता येत नाही, मासे पाठवता येतात.” त्या हसल्या, पण डोळे भरले होते. “सारखं वाटतंय जाऊन यावं. उद्या-परवा सरावाला सुट्टी आहे. विमानानं गेले तर दुपारी तिच्या दारात. पण मदतनीस डोळे वटारतो. म्हणतो, कार्यक्रम होऊ दे, मग वसंतात निवांत जा. तू सांग पोरी. तू शहाणी दिसतेस. उद्याच जाऊ की वसंतात?”

असा प्रश्न माणसाला आयुष्यात एकदाच विचारला जातो. उत्तराला एकच शब्द पुरला असता. कारण द्यायची गरज नव्हती, रंग नको, तारीख नको, काही नको. नुसतं ‘उद्या’ म्हणायचं होतं.

पण उद्या म्हणायचं म्हणजे ती तारीख खरी धरायची. आणि तोमोएनं इतके दिवस जिवापाड जे स्वतःला पटवलं होतं, ते सगळं खोटं ठरायचं. वर मदतनीस म्हणणार, या छापणाऱ्या बाईला नाक खुपसायला कुणी सांगितलं?

“आत्ता तिकडे बर्फ असेल, सेन्सेई,” ती म्हणाली. “काठी घसरायची. वसंतात बरं पडेल.”

“खरंय बाई तुझं.” चिगुसाबाईंनी पेन्सिल उचलली. “एकतीस वर्षं थांबले, अजून चार महिने.”

निघताना त्यांनी काळा कोट चढवला. तोमोए त्यांना दारापर्यंत सोडायला गेली आणि वाकली. वर बघितलं तेव्हा बाई सरकत्या दाराच्या काचेसमोर पाठमोऱ्या उभ्या होत्या, जोडा घालत. कोट काळाच होता. काचेत मात्र त्यांच्या अंगावर खांद्यापासून खालपर्यंत फिका निळा होता, आणि काचेतल्या बाईंचे डोळे मिटलेले होते. तोमोएनं आभाळाकडे पाहिलं. नोव्हेंबरातलं आभाळही तसंच, हिरवट फिकं. काचेत आभाळ दिसतं. मिटलेल्या डोळ्यांचं काय, ते तिनं स्वतःला विचारलं नाही.

५

चोवीस तारखेला तिनं कागद ओले केले नाहीत. आठ वाजता फोन लावला. मदतनिसानं घेतला. “सेन्सेई? अगदी ठणठणीत. आत्ताच नाश्ता करून सरावाला निघाल्यात. काही निरोप देऊ का?”

“नको. काही विशेष नाही,” तोमोए म्हणाली.

दुपारी चारला ती वड्या घ्यायला शेजारी गेली. भाजणाऱ्याच्या दुकानात टीव्ही चालू होता आणि तो चिमटा हातात धरून तसाच उभा होता, वड्या करपत होत्या. सरावात दोन गाण्यांच्या मध्ये बाई खुर्चीवर बसल्या होत्या, एवढंच झालं होतं. पुढचं गाणं सुरू करायला वादकांनी त्यांच्याकडे पाहिलं, तेव्हा सगळ्यांना कळलं.

तोमोए घरी आली. वरच्या खोलीत गेली, फळकुटांशेजारी बसून राहिली. आता आवाज येत नव्हता. चार दिवसांपूर्वी तिला जे साधलं नाही, ते तिथे एकटीनं, मोठ्यानं, तीन-चार वेळा म्हणून पाहिलं. “उद्या जा, सेन्सेई. उद्याच जा.” किती सोपं होतं ते.

६

मृत्यूनंतरच्या एकोणपन्नासाव्या दिवसाचे विधी आटोपल्यावर, जानेवारीच्या मध्यात, एक म्हातारी पत्ता विचारत छापखान्यात आली. पाठीतून वाकलेली, जाळी ओढून ओढून बोटं वाकडी झालेली, डोक्याला रुमाल.

“मी मासुए. हात्सुएची बहीण. तुमची ती चिगुसा हो. आमच्याकडे हात्सूच म्हणायचे. पहिल्या नंबरची प्रत माझ्यासाठी ठेवलीय म्हणून प्रकाशकांनी कळवलं होतं.”

तोमोएनं तिला बसवलं, चहा केला, पहिली प्रत आणून समोर ठेवली. म्हातारीनं चित्राला हात लावला नाही. हात आधी मांडीवर पुसले, मग लावला.

“समुद्र आमचाच घातलाय हिनं अंगावर,” ती म्हणाली. “तिचं पत्र आलं होतं मला. नोव्हेंबराच्या शेवटाला, ती गेल्यावर दोन दिवसांनी पोचलं. ‘ताई, मासे मिळाले. उद्याच येणार होते, पण एक शहाणी बाई म्हणाली बर्फ असेल, वसंतात जा. तर वसंतात येते.’ असं.” तिनं नाक पुसलं. “बर्फ कुठला? या खेपेला डिसेंबर अर्धा सरेपर्यंत पडलाच नाही. रस्ते कोरडे ठाक. मी रोज अंगण झाडत होते.”

तोमोएनं कप खाली ठेवला. “ती बाई मी.”

“तुम्ही?”

“मला ठाऊक होतं. तुमच्या बहिणीला चारच दिवस होते. इथे लिहिलेलं होतं, सहीखाली, बघा ना. मी वाचलं होतं. एक तारखेपासून वाचत होते. आणि तरी मी वसंतात जा म्हणाले.” तिनं समासावर बोट ठेवलं. तारीख तिथेच होती, ठसठशीत, शेपटाच्या चारासकट.

म्हातारीनं रुमालाच्या गाठीतून चष्मा काढला, डोळ्यांवर चढवला आणि तोमोएच्या बोटाजवळ वाकली. वाकड्या नखानं तिनं त्याच तारखेवरून हळूच रेघ ओढली.

“इथे तर काहीच नाही हो. नाव आहे नि एक आकडा.”

“आहे. नीट बघा.”

म्हातारीनं चष्मा काढला. तिच्या चेहऱ्यावर राग आला असता तर तोमोएनं तो ओंजळीत घेतला असता. राग आलाच नाही. “माझंही असंच झालं होतं, आई गेली तेव्हा,” ती म्हणाली. “मला वाटायचं, आदल्या रात्री कुत्रं रडलं ते मी ऐकलं होतं, मला कळायला हवं होतं. आमच्याकडे कुत्रंच नव्हतं. दुःखात माणूस नाही ते ओढवून घेतं. तुम्ही काळजीपोटी बोललात. काठी घसरेल म्हणून. माझ्या हात्सूला कुणीतरी जपलं, एवढं मला पुरे.”

“पण मी खरंच...”

“असू दे हो.” तिनं आपला खरखरीत हात तोमोएच्या हातावर ठेवला आणि दाबला. “मला एकच सांगा. समजा खरोखरच तुम्हाला ठाऊक असतं. तर तुम्ही तिला सांगितलं असतंत ना? पाठवलं असतंत ना माझ्याकडे?”

म्हातारी वाट बघत होती. विमान टाळून, गाड्या बदलत दोन दिवसांचा प्रवास करून आलेली, दमलेली, उत्तराकडे डोळे लावून. तिला काय ऐकायचं होतं ते स्वच्छ दिसत होतं.

“हो,” तोमोए म्हणाली. “सांगितलं असतं.”

म्हातारीनं समाधानानं मान हलवली, उरलेला चहा संपवला आणि चित्र गुंडाळून मागितलं. चारची ट्राम तिला गाठायची होती.